रेती खत खाते

कळमेश्वर तालुक्यात अननस पिकत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी भाव विचारायला नको. आमच्याकडे संत्रा, मोसंबी, कापूस, तूर, सोयाबीन, हरभरा आणि नागपूरच्या बाजारासाठी भाजीपाला. नागपुरात हातगाडीवर मीठ-तिखट भुरभुरून ज्या फोडी मिळतात, त्या बहुतेक दक्षिणेतून ट्रकानं आलेल्या अननसाच्या. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातल्या वाझाकुलमच्या अननसाला तर २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या गावाशी स्पर्धा करायला मी बसलेली नाही. गोठ्यामागे माझे रेतीचे काही वाफे आहेत, त्यांत अननस आहेत, आणि ते मी फळासाठी कमी आणि खतासाठी जास्त लावले.

याला कारण झालं मामाजींचं एक वाक्य. आमचं वावर बहुतेक काळं, पण नाल्याच्या वळणावर पुरानं टाकलेल्या रेतीची एक पट्टी आहे. त्या पट्टीत मामाजींनी कधी खताची बंडी नेली नाही. “रेती खत खाते,” म्हणायचे. “काळ्यात टाक, तीन साल दिसते. रेतीत टाक, दिवाळीले दिसत नाही.” मामाजींचं निरीक्षण सहसा चुकत नसे. पण खत जातं कुठे, आणि जाण्याआधी काय करून जातं, हे त्यांना विचारलं तर ते तंबाखू मळायला लागत.

उत्तर मातीच्या कणात आहे. काळ्या मातीतला चिकणकण दोन हजारांश मिलिमीटरपेक्षाही बारीक असतो. अशा एक ग्रॅम कणांचे पापुद्रे उलगडून पसरले तर शेकडो चौरस मीटर जागा भरेल, आणि त्या सगळ्या पृष्ठभागावर पालाश, अमोनिया, चुना चिकटून राहतात. काळ्या मातीचं वागणं गावातल्या जुन्या किराणेवाल्यासारखं आहे. दिलेलं वहीत लिहून ठेवते आणि पिकाला लागेल तसं सोडते. रेतीचा कण त्यामानानं धोंडा. त्याच्याकडे वहीच नाही. वरून पाणी पडलं की नत्र विरघळून मुळांच्या खाली निघून जातं. शिवाय रेतीत हवा खेळती आणि ऊन खोलवर, त्यामुळे खतातले जीवजंतू जोमानं कामाला लागतात आणि उरलेलं खत हवेत उडवून देतात. कुजणं म्हणजे शेवटी अगदी सावकाश चाललेलं जळणंच. मामाजी म्हणत रेती खाते. खाणारे खरे तर जंतू, रेती त्यांना फक्त दार उघडं ठेवते.

मग अननसच का? कारण या पिकाला रेताड जमीन मानवते आणि त्याच वेळी ते खादाडही आहे. पाणी साचलं की त्याची मुळं सडतात, म्हणून निचरा हवा. पण मुळं जेमतेम वीतभर खोल जातात, संत्र्याच्या झाडासारखी खाली जाऊन शोध घेत नाहीत. त्या वीतभर थरात जे असेल तेवढंच त्याचं. त्यामुळे खत टिकलं की नाही हे अननस पानांवर लगेच दाखवतो. काळ्या मातीत दोन वर्षं खत दिलं नाही तरी कापूस तोंड वेंगाडत नाही. रेतीतला अननस त्याच हंगामात पिवळा पडतो आणि पानांची टोकं लालसर करून बसतो.

ऊन सोसेल का, ही माझी पहिली शंका होती. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो. धीर दिला तो जहांगीर बादशहानं. त्यानं आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे की फिरंगी बंदरांत होणारा अननस आग्र्याच्या गुलअफशां बागेत दर साली हजारोंनी पिकतो. आग्र्याची लू काही नागपूरच्या उन्हाळ्यापेक्षा सौम्य नाही. माळ्यांनी सावली कशाची केली, खत कोणतं घातलं, हे मात्र बादशहा सांगत नाही. बादशहांना खताशी काय देणंघेणं! मी आंब्याच्या पूर्वेकडची जागा निवडली, म्हणजे सकाळचं ऊन मिळतं आणि दुपार आंबा अडवतो. चैत्रापासून मृगापर्यंत वर हिरवी जाळी.

उन्हापेक्षा अवघड निघाला चुना. अननसाला आंबट माती लागते, सामू साडेचार ते साडेसहाच्या दरम्यान. आमची काळी जमीन आठाच्या आसपास, आणि खणलं की चुनखडीचे पांढरे खडे निघतात. नाल्याची रेती तरी निराळी असेल म्हणून घरातल्या संडास धुण्याच्या ॲसिडचे दोन थेंब तिच्यावर टाकले, तर ती फसफसली. वरच्या वावरातलीच चुनखडी पाण्याबरोबर वाहून येणार, दुसरं काय. घर बांधताना आणलेली कन्हानची रेती अंगणाच्या कोपऱ्यात उरली होती. ती गारगोटीच्या कणांची, पांढुरकी. तिच्यावर ॲसिड टाकलं तर जवळजवळ काही झालं नाही. म्हणून विटांचे उंच वाफे केले, खाली मुरूम आणि वर ही रेती. आमच्याकडे हलक्या जमिनीवर नेहमीचा उपाय म्हणजे तलावातला गाळ आणून टाकणं, आणि कापसा-तुरीसाठी तो उत्तम आहे. अननसाच्या वाफ्यात मात्र मी तो टोपलंभरही येऊ दिला नाही, कारण गाळाबरोबर चुना आला असता. चुलीच्या राखेचंही तसंच. राखेत पालाश असतं आणि अननस पालाशाचा भुकेला, तरी राख सामू वर ढकलते. ती मी भाज्यांना देते.

म्हणजे रेतीला धरून ठेवायला शिकवणारं एकच साधन उरलं, खत. आणि खत म्हटलं की आमच्या भागात सगळ्यांच्या डोळ्यांपुढे उकिरडा येतो.

उकिरड्याविषयी माझं मत कडक आहे. गोठ्याच्या बाहेर वर्षभर शेण फेकायचं, त्यावर केरकचरा, हल्ली गुटख्याच्या पुड्या, उन्हात ते वाळणार, पावसात त्याचं सत्त्व वाहून जाणार, आणि अक्षय्यतृतीया झाली की ट्रालीत भरून वावरात ढीग घालायचे. त्यात वरचं वाळलेलं, मधलं अर्धकच्चं आणि तळचा गार चिखल असा तीन प्रकारचा माल निघतो. सोबत हुमणी आणि गाजरगवताचं बी फुकट. काळी जमीन हेही सोसते. रेतीत कच्चं खत घातलं तर दोन गोष्टी होतात. ओल कमी म्हणून कुजताना निघालेली उष्णता मुळांपाशीच राहते. आणि त्यात काडीकचरा जास्त असेल तर तो कुजवायला जंतूंना नत्र लागतं, ते जंतू रेतीतून आधी उचलतात आणि झाड उपाशी राहतं. खत घातलं आणि झाड पिवळं पडलं, असं कोणी सांगितलं की मी पहिलं विचारते, खतात हात घालून पाहिला होता का?

हात घालणं ही माझी परीक्षा. ढिगाच्या मध्यात कोपरापर्यंत हात जातो, गरम लागत नाही, बाहेर आल्यावर शेणाचा वास येत नाही, पहिल्या पावसातल्या जमिनीचा येतो. मूठ वळली तर लाडू होतो, बोटानं टोचला तर फुटतो. पऱ्हाटीचा तुकडा ओळखू येत असेल तर ते खत अजून रेतीसाठी नाही, संत्र्याच्या आळ्याला चालेल. थर्मामीटर लावणारे लावोत. गोठ्यात जिनं वीस वर्षं शेण भरलं तिच्या कोपराला काय ते कळतं.

खत करण्याची एक पद्धत आमच्या विदर्भानंच देशाला दिली, हे आमच्याच लोकांना अनेकदा सांगावं लागतं. पुसदच्या पांढरीपांडे काकांचा नाडेप हौद. साधारण दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, आणि विटांच्या भिंतीत मुद्दाम ठेवलेली भोकं. त्या भोकांतून हवा जाते, म्हणून ढीग पालटावा लागत नाही. त्यात खरी हुशारी शेणाच्या हिशेबात आहे. एका हौदाला चौदा-पंधराशे किलो काडीकचरा आणि शेण फक्त शंभर किलोच्या आसपास. ज्या घरी एक-दोनच ढोरं आहेत त्या घरालाही भरपूर खत करता यावं, हा त्यामागचा विचार. बाकी भरती कोरड्या चाळलेल्या मातीची, जवळपास पावणेदोन टन. शंभर-सव्वाशे दिवसांत खत तयार. मी हौद त्याच मापाचा ठेवला, माती मात्र वगळली, कारण आमची माती म्हणजे पुन्हा चुना. तिच्या जागी जुनं कुजलेलं खत आणि थोडी तीच कन्हानची रेती. मातीमुळे ओल टिकते, ती गेल्यामुळे आठवड्याला पाणी शिंपावं लागतं आणि वरचं शेणाचं लिंपण तडकलं की लगेच बुजवावं लागतं. भरताना सोयाबीनचं कुटार, तुराट्यांचा चुरा, आंब्याचा पाला, आणि शेजारच्या गोबरगॅसची मळी. सोयाबीन निघालं की कुटाराचे ढीग बांधावर पेटवून देणारे लोक पाहिले की मला आजही गाडी थांबवून भांडावंसं वाटतं. कधीकधी भांडतेही.

लेंडीखताची गोष्ट निराळी. पिकं निघाली की काठेवाडी लोक उंट आणि मेंढ्या घेऊन आमच्या भागातून जातात, आणि शेतकरी मोबदला देऊन त्यांचा कळप वावरात बसवून घेतात. हे कच्छकडचे पशुपालक कितीतरी वर्षांपासून विदर्भात फिरताहेत. लेंडी शेणापेक्षा जड खत, नत्र जास्त, आणि तिची गोळी हळूहळू फुटते. रेतीत ही सावकाशी फार कामाची. पावसाची एक सर येऊन सगळं धुवून नेऊ शकत नाही. मी त्यांच्याकडून काही पोती लेंड्या घेते, हौदाच्या शेवटच्या थरात घालते, आणि त्या पूर्ण मोडायच्या आधी खत काढते.

आता द्यायचं कसं. पुस्तकात प्रति हेक्टर टनात लिहिलेलं असतं आणि ते लागवडीआधी एकदाच मातीत मिसळायचं असतं. काळ्या जमिनीसाठी ठीक. रेतीत एकरकमी दिलेलं खत म्हणजे पहिल्या दोन नक्षत्रांची मेजवानी आणि मग उपवास. मी लागवडीच्या वेळी वरच्या वीतभर थरात चौथा हिस्सा खत मिसळते, ते पाणी धरायला. पोसायचं खत नंतर, झाडाला ओंजळभर, दर दीड-दोन महिन्यांनी, वरूनच. खणून घालत नाही, मुळं वरच असतात. पावसाळ्यात ओंजळ लहान आणि पाळी जवळ, कारण तेव्हाच वाहून जाण्याची भीती.

अननसाचं झाड स्वतःच पन्हळ आहे. पानं अशी रचलेली की पडलेलं दव, पाऊस, जे काही येईल ते घरंगळून बुडाशी जातं, आणि पानांच्या बेचक्यांत बारीक मुळं फुटून तिथलं पाणी आणि अन्न शोषतात. म्हणून खताचं पाणी मी खालच्या पानांच्या बेचक्यांत ओतते. मधल्या पोंग्यात मात्र खताचा कण जाता कामा नये, पोंगा सडतो. कामाची बाई निवांत असेल तरच हे काम सांगावं. आणि ते संध्याकाळी. हे झाड दिवसा आपली रंध्रं मिटून घेतं आणि रात्री उघडतं, उन्हाळ्याशी सामना करायची त्याची ती पद्धत आहे. जीवामृतवाले पाहुणे येतात तेव्हा म्हणतात, ताई, दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, बास, बाकी खत लागतच नाही. मी जीवामृत करते. पण उघड्या रेतीत ते ओतलं तर जंतूंनी राहायचं कुठे आणि खायचं काय? आधी खत आणि वर आच्छादन असेल तर जीवामृताचा गुण दिसतो. या क्रमाबद्दल मी कोणाचं ऐकत नाही.

आच्छादन गव्हांड्याचं, चार बोटं जाड. रेती उन्हात तापते ती हात लावू देत नाही, आच्छादनाखाली तीच गार राहते आणि खत जळायचा वेग कमी होतो. अडचण उधईची. कोरडं गव्हांडं म्हणजे तिला आमंत्रण. म्हणून खाली निंबोळी ढेप भुरभुरते आणि गव्हांडं कधी पूर्ण वाळू देत नाही.

एवढं करून दुसऱ्या पावसाळ्याच्या आधी पानं फिकी पडू लागली. शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं, म्हणजे लोह कमी. रेतीत चुना नव्हता, राख नव्हती, खत पक्कं होतं. राहिलं विहिरीचं पाणी. आमचं पाणी जड, हंड्याला पांढरा थर धरणारं. तोच थर दररोज थोडाथोडा वाफ्यात जमत होता. हवाई बेटांवर १९१६ साली जॉन्सन नावाच्या संशोधकानं पिवळ्या पडलेल्या अननसांवर लोहाच्या क्षाराचं पाणी फवारून ते हिरवे करून दाखवले होते. तिथे कारण जमिनीतलं मँगनीज होतं, आमच्याकडे चुना, पण कुलूप एकच. जमिनीत लोह असतं आणि झाडाला ते घेता येत नाही, म्हणून ते पानावरून द्यायचं. पानांवर हिराकसाचं पातळ पाणी मारलं आणि पंधरवड्यात फरक दिसला. हिराकस ‘सेंद्रिय’मध्ये बसतं की नाही, यावर माझ्या भाच्यानं वाद घातला. वाद त्याचा, झाड माझं. आता छपराचं पावसाचं पाणी टाक्यात साठवते आणि अननसाला तेच, उन्हाळ्याच्या शेवटी टाकं आटतं तेव्हाच विहिरीचं.

कोणी विचारलं की नुसत्या खतावर अननसाचा व्यवसाय होईल का, तर मी कागद-पेन्सिल काढते. केरळच्या कृषी विद्यापीठाची शिफारस झाडाला वर्षाला आठ ग्रॅम नत्र आणि आठ ग्रॅम पालाश. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का, म्हणजे आठ ग्रॅमसाठी एक किलो सहाशे ग्रॅम खत. पण पहिल्या वर्षी त्यातला तिसरा हिस्सा मिळाला तरी नशीब. म्हणजे झाडाला पाच किलो. दाट लागवडीत हेक्टरी चाळीस हजारांवर झाडं बसतात. दोनशे टन खत! आमच्या अख्ख्या गावाचा उकिरडा रिकामा केला तरी एका हेक्टराला पुरणार नाही. लेंड्या, ढेप, मळी, हिरवळीचं खत हे सगळं धरून आकडा खाली येईल, तरी रेतीत तो लहान होत नाही. ‘शंभर टक्के सेंद्रिय’ असं खोक्यावर छापलेलं पाहिलं की मला आधी त्या शेतकऱ्याची गुरं मोजावीशी वाटतात. माझे वाफे चालतात, कारण ते थोडे आहेत आणि गोठा त्यांच्या पाठीशी आहे.

मजेची गोष्ट ही की ज्या उष्णतेला मी कच्चं खत म्हणून हाकलते, तिच्यासाठीच विलायतेत अननसाला खत घालत. अठराव्या शतकात तिथल्या श्रीमंतांना अननस पिकवण्याचं वेड लागलं होतं. थंडीत झाडं जगावीत म्हणून काचेच्या खड्ड्यांभोवती घोड्यांची ताजी लीद भरत, ती कुजताना तापे आणि झाडं उबेत राहत. कॉर्नवॉलमधल्या हेलिगनच्या बागेत असा एक खड्डा दुरुस्त करून त्यात पुन्हा अननस पिकवला आहे. तिथे खत म्हणजे शेगडी. मला हे वाचून कळमेश्वरच्या मे महिन्यात हसू आलं.

फूल आमच्याकडे पौष-माघात येतं. अननसाला थंड रात्री आणि लहान दिवस फुलवतात, आणि नागपूरची थंडी ते काम चोख करते. अझोर्स बेटांवर काचघरात धूर करून फुलवत, कारखान्यासारखी शेती करणारे औषध मारून फुलवतात. फळ मात्र ऐन उन्हाळ्यात पोसतं, म्हणून त्याच्याभोवती त्याचीच पानं गोळा करून सुतळीनं बांधावी लागतात, नाहीतर पश्चिमेची बाजू भाजते. ज्येष्ठ-आषाढात पिकतं. किलोभराचं, कधी त्याहून लहान. वाझाकुलमच्या फळापुढे ठेवलं तर लाजेल, पण वास असा की सकाळी गोठ्यात शिरल्याबरोबर कळतं कोणतं काढायचं.

या वाफ्यांचा खरा फायदा संत्र्याला झाला. आमच्या बागेतल्या वरच्या अंगाच्या ओळी मुरमाड बरडावर आहेत. मोठ्या झाडाला वर्षाला पन्नास किलो शेणखत, ते मृगाच्या आधी एकदम, अशी पिढीजात रीत. काळ्यातल्या ओळींना ती मानवते. बरडावरच्या ओळी दिवाळीपर्यंत उतरलेल्या दिसायच्या, आणि आंबिया बहराच्या फुलाला त्यांच्यात दम उरायचा नाही. बरडही रेतीसारखंच वागतं, हे वाफ्यांवरून दिसलं तेव्हा मी तेच पन्नास किलो तीन पाळ्यांत वाटलं. थोडं मृगापूर्वी, थोडं पाऊस ओसरल्यावर, उरलेलं ताण तोडून पहिलं ओलित देताना. तेही खोडापाशी ढीग करून नाही. खोडाला ओलं खत टेकलं की डिंक्याला वाट मिळते. फांद्यांच्या घेराखाली, जिथे पोसणारी मुळं आहेत तिथे, वर कुटाराचं आच्छादन.

शेजारचे भाऊ बांधावरून पाहत होते. “काकू, तीन डाव मजुरी देता? खत तं तेवढंच हाय.”

“खत तेवढंच आहे,” मी म्हटलं. “मजुरी जास्त जाते. तुमच्या खालच्या काळ्या ओळींना नका करू, पैसे वाया जातील. टेकडीकडच्या दोन ओळींना करून पाहा, आणि ट्रालीतलं खत आधी हात घालून बघा.”

त्यांनी दुसऱ्या दिवशी ट्रालीतून टोपलंभर खत आणून माझ्यासमोर ओतलं. मधोमध तुराटीची अख्खी काडी होती. मी ते परत पाठवलं, हौदात घालायला सांगितलं, आणि पाऊस ओसरल्यावरच्या पाळीसाठी माझ्या खताच्या चार बंड्या देईन म्हणून कबूल केलं. बदल्यात त्यांच्या सोयाबीनचं सगळं कुटार माझं.